टब खरा की मासा

आयुष्यभर मी पाणी बंद करायचं काम केलं. कुणाचा नळ गळतोय, कुणाची मोरी तुंबलीये, कुणाच्या छतातून वरच्यांचं पाणी ठिबकतंय, की मला बोलावणं यायचं. त्यामुळे मुद्दाम पाण्यात शिरणारी माणसं मला कधी कळली नाहीत. आणि बायको नेमकी तसलीच मिळाली. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. आठवडाभर ओली असायची. सुट्टीच्या दिवशी तरी माणसानं कोरडं राहावं की नाही? तर ही रविवारी समुद्रात बुडालेलं जहाज बघायला जायची.

एकटी नाही. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, बस चालवतो; तो असायचा. आमच्या गल्लीतला सलूनवाला असायचा. त्याला सगळे कात्री म्हणतात, आणि त्याची खरी कात्री जेवढी चालते त्याच्या दुप्पट त्याची जीभ चालते. दोघांनाही डायव्हिंग तिनंच शिकवलं. बोट मावशीची. मावशी वयानं आमच्यापेक्षा लहान आहे, पण तिचा आवाज ऐकल्यावर तिला मावशीशिवाय दुसरं काही म्हणायची कुणाची हिंमत झालेली नाही.

मी बोटीवर बसायचो, टॉवेल सांभाळत.

बोटीवर त्यांचा एक खेळ होता. तो बायकोनंच सुरू केलेला. वर आलं, की चहाच्या आधी प्रत्येकानं खाली पाहिलेल्या दोन गोष्टी सांगायच्या. एक खरी, एक खोटी. खोटी कुठली ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखलं, तर सांगणाऱ्यानं सगळ्यांचं सामान गोड्या पाण्यानं धुवायचं. नाही ओळखलं, तर बाकीच्यांनी त्याचं सामान धुवायचं. खारं पाणी सुटवर वाळलं की रबर खराब होतं, म्हणून धुणं काही चुकत नाही. खेळामुळे ते कुणी करायचं यावर भांडण होत नसे. म्हणजे भांडण व्हायचंच, पण आधी व्हायचं.

बायको सहसा पकडली जायची नाही. चेहरा असा करायची की खरंसुद्धा खोटं वाटावं. मी उतरत नसलो तरी मला मत होतं.

तिच्या शेवटच्या रविवारी ती वर आली, मास्क कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "एक. वरच्या डेकवर ती छप्पर पडलेली खोली आहे ना, तिच्यात अंघोळीचा टब आहे. चांगला दोघं मावतील एवढा. दोन. त्या खोलीच्या गोल खिडकीशी एक मासा येतो, तो हुबेहूब ह्यांच्या दादांसारखा दिसतो."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. खालचा ओठ पुढे, डोळे बाहेर. कुणाच्याही घरात शिरला की आधी भिंतींकडे बघतो, मग वास घेतो, मग माणसांकडे वळतो.

मेव्हण्याला मी विचारलं, "तू होतास ना बरोबर? आत काय आहे?"

"भाऊजी, मी बाहेर थांबलो होतो. एक आत गेला की दुसऱ्यानं बाहेर थांबायचं, ताईचाच नियम आहे. आणि माझ्या पायातल्या फिनला खेकडा धरून बसला होता, मी त्याच्याशी भांडत होतो."

चौघांनी मत दिलं. चौघांचं एकच. मासा खोटा. दादांची चेष्टा करायची संधी ती सोडणार थोडीच? म्हणजे टब खरा.

"नक्की?" ती म्हणाली.

तेवढ्यात वारा सुटला, बोट हलायला लागली, कात्री एका बाजूनं ओकायला वाकला आणि मेव्हणा दुसऱ्या. निकाल ऐकायच्या अवस्थेत कुणी नव्हतं. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी सांगते. आणि तोवर माझ्या सुटला कुणी हात लावायचा नाही. निकाल लागल्यावर काय ते धुवा."

पुढच्या रविवारी आम्ही दवाखान्यात होतो. पुढचे बरेच रविवार तिथेच गेले. एकदा मी विचारलं, "आता तरी सांग." तर म्हणाली, "अहो, उतरा आणि बघा." तेव्हासुद्धा तिला मला पाण्यातच ढकलायचं होतं.

ती गेली. सूट बॅगेत तसाच राहिला, मिठासकट. मी कुणाला हात लावू दिला नाही. दादा भेटायला आला, दारातच थांबला आणि नाक वर करून म्हणाला, "अरे, घरात काय कुजलंय?"

म्हटलं, "काही नाही. निकाल लागायचा आहे."

तो तासभर बसला, पण त्यानंतर माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला.

खरं सांगायचं तर मला टब खरा हवा होता. 'दोघं मावतील एवढा' हे ती उगाच म्हणाली नसणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. एकदा तिथे जाऊन बसायचं, एवढंच. त्यासाठी मी या वयात पोहायच्या तलावावर जाऊन डायव्हिंग शिकलो. शिकवायला मेव्हणा आणि कात्री. एक म्हणायचा श्वास सोडा, दुसरा म्हणायचा घ्या. बाकी सगळं जमलं, पण मास्कमध्ये पाणी शिरलं की नाकानं फुंकून ते बाहेर काढायचं, ते काही जमेना. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातलं पाणी बाहेर काढलं, आणि स्वतःच्या नाकासमोरचं निघत नव्हतं.

"नळबाबा," कात्री म्हणायचा, "पाईप समजा हो! नाक म्हणजे पाईप!"

"पाईप उलटा वाहत नाही," मी म्हणायचो.

शेवटी कसंबसं जमलं. निदान तलावात तरी.

त्या रविवारी समुद्र शांत होता. मी बायकोची सगळी बॅग घेऊन गेलो. सूट मला होणार नव्हता, पण मास्क तिचा घातला. तिच्या पट्ट्याला गाठ मारलेली होती, ती मी सोडली नाही. त्यामुळे मास्क घट्ट बसला आणि डोळे पुढे आले.

"भाऊजी, आत्ताच तुम्ही दादांसारखे दिसताय," मेव्हणा म्हणाला, आणि लगेच गप्प बसला.

सकाळपासून हे लोक विचित्र वागत होते. कात्री कधी नव्हे तो गप्प. मेव्हण्यानं माझी बॅग उचलली; लग्नात माझी पेटी उचलली होती, त्यानंतर पहिल्यांदाच. मावशी माझ्याकडे न बघता दोर गुंडाळत होती. आणि मधूनमधून एखादा विनाकारण म्हणायचा, "टब असणारच."

"हो, टब काय, असतोच."

"ताई कशाला खोटं बोलेल?"

म्हटलं, "अरे, खोटं बोलायचाच खेळ होता ना?"

"हो, पण टबाबद्दल नाही," कात्री म्हणाला. त्याच्या हातांवर ओरखडे होते. विचारलं तर म्हणाला, मांजर. त्याच्याकडे मांजर नाही.

मला वाटलं, पहिल्यांदा उतरतोय म्हणून काळजीत आहेत.

मावशीनं सगळ्यांचे पट्टे ओढून पाहिले, सिलिंडरचा काटा पाहिला आणि मला सांगितलं, "खाली काही हाताळायचं नाही. काही दुरुस्त करायचं नाही. लक्षात आलं?"

"मी काय दुरुस्त करणार?"

"तुमचा स्वभाव मला माहीत आहे. माझ्या बोटीचा पंप तुम्ही न सांगता दोनदा उघडलाय."

मग मी पाठीमागे पडलो. बोटीच्या कडेवर बसून मागे पडायचं असतं. धैर्य लागत नाही, कुणीतरी ढकलावं लागतं. मेव्हण्यानं ते केलं.

खाली काय दिसलं ते मला नीट सांगता येणार नाही. आधी नुसतं हिरवं. मग त्या हिरव्यात एक मोठी गोष्ट काळी व्हायला लागली, आणि ते जहाज होतं. वाळूत बसलेलं, जरा एका अंगावर कललेलं. मला वाटलं होतं भीती वाटेल. पण पहिल्यांदा डोळ्यात भरले ते पाईप. रेलिंगखालून दोन पाईप गेलेले, एका ठिकाणी वाकवलेले, आणि वाकवताना चपटे न करता वाकवलेले. चांगल्या माणसाचं काम. मी बघत राहिलो. मेव्हण्यानं माझा हात ओढला.

नळाची एक तोटी दिसली, अर्धी उघडी. मी ती बंद केली. सवयच ती. मावशी वर असून मला तिचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला.

वरच्या डेकवर ती खोली होती. छप्पर पडलेलं, त्यामुळे वरून सरळ आत उतरता येत होतं. कात्री पुढे झाला आणि दुकानात गिऱ्हाइकाला खुर्ची दाखवतो तसा त्यानं हात केला.

टब होता.

सिलिंडरमधली हवा मी घटाघटा ओढत होतो, सगळीकडे बुडबुडे झाले. टब होता! मग बुडबुडे वर गेले आणि टब नीट दिसला.

पिस्ता रंगाचा टब.

आता असं आहे की दात बसवणारा आपण बसवलेला दात ओळखतो. तसा मी टब ओळखतो. त्यातून हा. भोकाजवळचा टवका उडालेला, तो पिस्ता रंग मिळाला नाही म्हणून पांढऱ्या रंगानं भरलेला, आणि भरताना माझ्या अंगठ्याचा ठसा राहिलेला. कात्रीच्या आईला पाय उचलून त्यात जाता येईना, म्हणून मीच तो टब काढून तिथे नळ आणि बादली बसवून दिली होती. जिन्यातून खाली उतरवताना एका पायरीचा टवका उडाला होता तोसुद्धा मला आठवतो.

जुना वाटावा म्हणून ह्या लोकांनी त्यावर शिंपले चिकटवले होते. सिलिकॉननं. सिलिकॉनची ती ट्यूब मीच कात्रीकडे विसरलो होतो. शिंपले त्याच्या दुकानाच्या काउंटरवरच्या बरणीतले. आणि एका रेषेत लावलेले, मधून भांग पाडल्यासारखे.

म्हणजे टब नव्हता. ह्यांनी आधी येऊन शोधला, नाही सापडला, आणि मी बघायला येणार म्हणून हा आणून ठेवला. म्हणजे तिनं जे खोटं सांगितलं होतं ते 'दोघं मावतील एवढा' हेच होतं.

मी तसाच टबाची कड धरून राहिलो. आणि मग मला शिंपल्यांचा तो भांग पुन्हा दिसला. ह्या दोन माणसांनी हे धूड बोटीत चढवलं, दोरानं खाली सोडलं, इथे ओढत आणलं, भिंतीला समांतर लावलं. शिवाय सांडपाण्याचं भोक उतारावर येईल असं लावलं होतं, म्हणजे मी शिकवलेलं कुणाच्या तरी लक्षात राहिलं होतं. मला हसू यायला लागलं. तोंडात रबरी तोटी घेऊन हसता येत नाही, पण ते थांबवतासुद्धा येत नाही. गाल हलले, मास्क उचलला गेला आणि पाणी डोळ्यांपर्यंत चढलं.

मेव्हणा घाबरून पुढे आला. मी हातानं त्याला थांबवलं, मान वर केली, मास्क कपाळाला दाबला आणि नाकानं फुंकलं. पाणी निघालं. सगळं. मास्कमध्ये ते पाणी कुठलं कुठलं होतं हे काही मी नंतर कुणाला सांगितलं नाही.

मग मी टबात बसलो. एवढं ठेवलंय तर बसायला हवं. गुडघे मुडपले, एका बाजूला सरकलो आणि दुसरी बाजू मोकळी ठेवली.

ती मोकळी आहे असं बघून मेव्हणा येऊन बसला.

त्याला काय बोलणार? फिन्ससकट बसला, पाठ खिडकीकडे करून, माझ्या पोटात गुडघा घालून. दोन्ही हातांनी सगळं ठीक आहे अशी खूण करत होता. बाजूला कात्री अधांतरी तरंगत टाळ्या वाजवत होता. पाण्यात टाळ्या वाजत नाहीत, पण तो वाजवत होता. आणि तेव्हा मेव्हण्याच्या खांद्यावरून मला गोल खिडकीत काहीतरी आलेलं दिसलं.

आधी ओठ आला. खालचा. मग डोळे. करडा, जाडजूड, गालावर ठिपके असलेला मासा. त्यानं खिडकीतून तोंड आत घातलं, आधी भिंतींकडे पाहिलं, मग जरा वास घेतल्यासारखं केलं, आणि मग माझ्याकडे वळला. अगदी हळू. चेहऱ्यावर तेच. अरे, घरात काय कुजलंय?

मी हलू शकलो नाही. दादा माझ्याकडे बघत होता आणि मी दादाकडे. टब पाहिला, मेव्हणा पाहिला, कात्रीच्या टाळ्या पाहिल्या, ह्या सगळ्याला काही अर्थ नाही असं ठरवून त्यानं तोंड मिटलं आणि मागच्या मागे निघून गेला. ते दोघं वळेपर्यंत खिडकी रिकामी होती.

वर आलो. मावशीनं मला ओढून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "काही दुरुस्त केलंत?"

"एक नळ बंद केला."

"वाटलंच मला."

चहाच्या आधी खेळ. मेव्हण्यानं सांगितलं, त्याला एक कासव दिसलं आणि एक बाटली दिसली जिच्यात खेकडा राहतो. कात्री म्हणाला कासव खोटं, आणि होतंच, मेव्हणा पकडला गेला. कात्रीचंही तसंच झालं. मग माझी पाळी. पहिल्यांदाच.

म्हटलं, "एक. मी टबात बसलो होतो, तो टब जहाजाचा आहे. दोन. खिडकीशी मासा आला, हुबेहूब दादांसारखा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघं एकदम ओरडले, "मासा खोटा!"

"नक्की?" मी म्हणालो.

"अहो नक्की काय," मेव्हणा म्हणाला, "टब तर मी डोळ्यांनी पाहिला! बसलो त्यात! एवढा जुना टब!"

"शिंपले बघितलेत का?" कात्री म्हणाला. "शंभर वर्षांचे असतील."

"मासा खरा," मी म्हणालो. "टब खोटा. टब कात्रीच्या आईचा आहे."

मावशी फुटली. एवढी हसली की चहाचं भांडं हातातून खाली ठेवावं लागलं. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली, "मी ह्यांना सांगितलं होतं! प्लंबरला टबानं फसवताय? दुसरा रंग तरी बघा! माझी बोट उलटी झाली असती त्या टबापायी!"

"दुसरा टब कुठून आणणार?" कात्री म्हणाला. "आणि यांना ओळखू कसा आला? एवढे शिंपले लावले!"

"भांग पाडलास तू त्यांचा."

मेव्हणा खाली बघत होता. मग हळू म्हणाला, "भाऊजी, आम्ही आधी सगळीकडे शोधला हो. खालच्या मजल्यावर, वाळूत, सगळीकडे. नव्हता. तुम्ही एवढं शिकलात त्याच्यासाठी. आता खाली जाऊन तुम्हाला रिकामी खोली दिसली असती..."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"रागावलात?"

"टब सरळ बसवलाय. भोकही उतारावर आहे. रागावू कशावर?"

"ते मीच सांगितलं," मेव्हणा म्हणाला.

"पण मासा?" मावशीनं विचारलं. "मासा खरंच आहे?"

"ओठ, डोळे, सगळं. आधी भिंतींकडे बघितलं, मग वास घेतला."

मेव्हण्यानं डोक्याला हात लावला. "म्हणजे ताईनं... तेव्हा आपण सगळ्यांनी मासा खोटा म्हटलं होतं."

"चौघांनी."

"म्हणजे ताई जिंकली."

"जिंकली," मी म्हणालो. "निकाल लागला."

मग कुणी काही न सांगता सगळे उठले. हरलेल्यांनी सांगणाऱ्याचं सामान धुवायचं, हा तिचाच नियम. मी तिची बॅग उघडली. मावशी वासानं दोन पावलं मागे गेली, पण परत आली. फिन्स मेव्हण्यानं घेतल्या. मास्क कात्रीनं माझ्या डोक्यावरून काढून घेतला आणि गाठ न सोडता धुतला. पट्टा आणि वजनं मावशीनं. सूट मी.

तो ताठ झाला होता. दुमडीदुमडीत मीठ पांढरं बसलेलं. बोटीच्या टाकीच्या नळाखाली धरला, आतून बाहेरून केला, तर बाहीतून चिमूटभर वाळू निघाली. चोळला, पिळला, पुन्हा धरला. मग पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"भाऊजी, हे काय?" मेव्हणा म्हणाला.

"मीठ निघालं का बघतोय."

"निघालं?"

पुन्हा चाखलं. "निघालं."

मग मी तो सूट तसाच हातात धरून उभा राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही. मावशी ओरडली तेव्हा कळलं, "अहो, नळ! नळ बंद करा! माझी सगळी टाकी रिकामी केलीत!"

नळ बंद करायचं मी विसरलो होतो. मेव्हणाच पुढे झाला. त्यानं तो आधी उलटा फिरवून मोठा केला, सगळ्यांना भिजवलं, आणि मग बंद केला.